गुरुजींचा तांबडा कोंबडा

भात पिकायला लागलं की आमच्या भागात डबे वाजायला लागतात. तेलाचा रिकामा डबा, हातात एक काठी आणि बांधावर बसलेलं कोणीतरी. पोपटांचा थवा शेतात उतरला की डबा बडवायचा, उडाला की थांबायचं. नेमकी तेव्हाच शाळेत सहामाही परीक्षा चालू असते. बाहेर ऑक्टोबरचं ऊन, पिकल्या भाताचा किंचित गोडसर वास, आत खाली मान घालून लिहिणारी मुलं, आणि खिडकीतून तो डबा. नवीन आलेल्या शिक्षकांना त्याचा फार त्रास होतो. परवा आमचे एक सर म्हणाले, "मॅडम, परीक्षेपुरता तरी बंद ठेवायला सांगूया का त्यांना?" मी म्हटलं, "नको, वाजू दे." बाई शेतकऱ्यांच्या बाजूच्या आहेत असं त्यांना वाटलं असेल. तशी मी आहेच. पण एका वर्षी हा डबा माझ्यासाठी वाजत होता, हे मी त्यांना सांगत बसले नाही.

तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि कुवेतहून आले होते. आले म्हणजे, पळून आले. आमच्या खाडीकाठच्या मुसलमान वस्तीत दर दोन घरांआड एकजण तेव्हा आखातात असायचा. माझे अब्बा तिथे एका विजेच्या सामानाच्या दुकानात होते. मी जन्मले इकडे, पण वाढले तिकडे. गाव म्हणजे माझ्या लेखी दोन वर्षांतून एकदा येणारी सुट्टी, आंबे आणि मामूच्या घरचा सुक्या मासळीचा वास. मग त्या ऑगस्टमध्ये एका पहाटे कुवेतवर चढाई झाली. आम्ही राहायचो त्या रस्त्यावर रणगाडे आले आणि माझी शाळा, माझी सायकल, समोरचा बेकरीवाला, सगळं एकदम बंद झालं.

अब्बांनी अम्माला आणि मला एका बसमध्ये बसवलं. ते स्वतः आले नाहीत. दुकानाचा मालक आधीच देश सोडून गेला होता आणि किल्ल्या अब्बांच्या हाती ठेवून गेला होता. किल्ल्या कोणाच्या तरी हवाली केल्याशिवाय कसं निघायचं, हा त्यांचा प्रश्न. आजही मला त्या किल्ल्यांचा राग येतो आणि अब्बांचा अभिमान वाटतो. दोन्ही एकाच वेळी वाटतं, त्याला इलाज नाही. बस सुटताना ते खिडकीशी आले आणि मला म्हणाले, "अम्माचो हात सोडू नको. आणि वाटेत कोणी काय पण इचारल्यान तरी तोंड उघडू नको."

वाटेत खरंच विचारायचे. बंदुका घेतलेले लोक बसमध्ये चढायचे, कागद बघायचे, मुलांकडे बघून हसायचेसुद्धा. मी तोंड उघडलं नाही. बस झाली, ट्रक झाला, वाळवंटातला तंबू झाला. तिथे पाण्याची गाडी आली की मोठी माणसं एकमेकांना कशी ढकलतात ते पाहिलं. मग विमान, मग मुंबई, मग एसटी. कसालला उतरून आम्ही मालवणच्या गाडीत बसलो तेव्हा अम्मा पहिल्यांदा रडली. मी तिचा हात धरून गप्प बसले होते.

आणि मी तशीच गप्प राहिले. माझ्या मते वाट अजून संपली नव्हती. अब्बा घरी आले नव्हते ना! आपण बोललो आणि तिकडे त्यांना काही झालं तर, हे माझ्या डोक्यात इतकं घट्ट बसलं होतं की अम्माच्या कानाशी कुजबुजण्यापलीकडे माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. शेजारच्या बायका हळूच विचारायच्या, "चेडू मुका आसा काय गो?" अम्मा म्हणायची, "नाय गो, भियालेला आसा." लढाई मुलांना कळत नाही, असं आपण सहज म्हणून जातो. कळत नाही हे खरंच आहे. पण मोठ्यांनी घाईगडबडीत सांगितलेलं एखादं वाक्य मुलं पाळत बसतात आणि ते मागे घ्यायचं कोणाच्या लक्षातही येत नाही.

मामूंनी मला गावच्या मराठी शाळेत चौथीत घातलं. तिकडे मी इंग्रजीतून शिकत होते, मराठीचं एक अक्षर येत नव्हतं, आणि सहामाही तीन आठवड्यांवर. वर्गात आम्ही सतरा मुलं आणि एक गुरुजी. गुरुजी वैभववाडीकडचे. अंगानं काटकुळे, आवाज मात्र खणखणीत. ते शाळेच्या शेजारच्या खोलीत एकटे राहायचे, आणि त्यांचा जीव कशात असेल तर तो त्यांच्या तांबड्या कोंबड्यात. सुट्टीत गावी जाताना ते त्याला टोपलीत घालून एसटीनं बरोबर न्यायचे. कंडक्टर कुरकुरला की म्हणायचे, "हा उभ्यानं प्रवास करेल." कोंबडा दिवसभर वर्गाच्या दारात फिरायचा आणि पाढे चालू झाले की हमखास मध्येच आरवायचा. गुरुजी आम्हांला ओरडायचे, त्याला कधी नाही.

माझ्या शेजारी बसवली शालनला. शालनचे बाबा देवळातले मानकरी, गावाच्या वतीनं देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घरात. शालनकडे बडबडीचा मान होता. मी बोलत नाही याचं तिला काही वाटलं नाही, उलट आयता श्रोता मिळाला. तिनंच मला बाराखडी शिकवली, बोट धरून, पाटीवर. मी चुकले की स्वतःच्या कपाळावर हात मारायची आणि बरोबर काढलं की म्हणायची, "बघ, येता तुका."

माझ्या दप्तरात पाण्याच्या तीन बाटल्या असत. वह्या दोन आणि बाटल्या तीन. डब्यातली अर्धी भाकरी मी रोज फडक्यात बांधून ठेवायचे, संध्याकाळी घरी नेऊन उशीखाली घालायचे. एके दिवशी पोरांनी दप्तर उघडून बघितलं. हसतील असं वाटलं होतं, आणि दोन-तीन जण हसलेही. शालननं विचारलं, "इतक्या पाणी कित्याक गो?" मी अर्थातच गप्प. तिनं थोडा विचार केला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःही तीन बाटल्या घेऊन आली. आठवड्याभरात अर्ध्या वर्गाच्या दप्तरात तीन-तीन बाटल्या झाल्या. का, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. गुरुजींनी एकदा विचारलं, "हा काय नवा प्रकार?" आणि माझ्याकडे बघून तो विषय सोडून दिला.

शाळेची वाट भातशेतांच्या बांधावरून जायची. पाखरं हाकलायला तिथे एकजण फटाके लावायचा. पहिल्यांदा तो आवाज झाला आणि मी दप्तरासकट बांधावरून खाली भातात आडवी झाले, कानांवर हात घेऊन. पुढची मुलं वळून बघत राहिली. शालन खाली उतरली, माझ्या अंगावरची लोंबं झाडली आणि मला वर ओढलं. शेताचा मालक म्हातारा होता. तो लांबून बघत होता. दुसऱ्या दिवसापासून त्या शेतात फटाका वाजला नाही. तो डबा घेऊन बांधावर बसू लागला. त्याच्या शेजाऱ्यांनीही तेच केलं. फटाका लावून घरी जाता येतं, डब्याला दिवसभर उन्हात बसावं लागतं. हे मला कळायला पुढे खूप वर्षं गेली. त्या म्हाताऱ्याशी मी उभ्या जन्मात एक वाक्य बोलले नाही. म्हणूनच त्या सरांना मी म्हटलं, वाजू दे.

त्याच दिवसांत गावात नवं बांधतात. नव्या भाताची लोंबं आंब्याच्या पानात गुंफून दाराला लावायची. मामूच्या दारालाही दरवर्षी कोणीतरी आणून द्यायचं. त्या वर्षी शालनच्या आईनं आणलं आणि अम्माला म्हणाली, "तुमचो माणूस येयसर सुकांदे नको ता." अब्बा येईपर्यंत लोंबं सुकणार नाहीत असं होत नाही. पण अम्मा रोज सकाळी त्यांच्यावर पाणी शिंपडायची, आणि मग रेडिओपाशी जाऊन बसायची.

गणिताच्या पेपराच्या दिवशी सकाळी वर्गात एक जुना रिवाज पार पडला. गाऱ्हाणं कसं असतं ते आमच्याकडे पोरासोरांना पाठ. मानकरी देवासमोर उभा राहून सगळ्यांच्या वतीनं मागणं मागतो आणि जमलेली मंडळी प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा" अशी साथ देतात. शेवटी शब्द टाकायचा, म्हणजे काम झालं तर देवाला काय देणार ते बोलायचं. त्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही. पेपराच्या दिवशी हे काम अर्थातच शालनकडे. ती बाबांसारखी कमरेत वाकून उभी राहिली.

"बा देवा म्हाराजा! आज चौथीचो गणिताचो पेपर आसा. तो सोपो येवंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"गुरुजींचा टकला थंड ऱ्हवांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यात तर मुलांनी जीव ओतला.

मग तिची नजर माझ्यावर पडली. मी कोपऱ्यात बाटल्या सांभाळत बसले होते. तिचा आवाज बदलला. बाबांची नक्कल करायचं ती विसरली.

"आणि बा देवा म्हाराजा, ह्या आमच्या वर्गातला नसीम. ह्येचो बापूस थंय लढायेत अडाकलो आसा. तेका गोळी लागू नको, काटो रुतू नको. जसो गेलो तसो घराक हाडून घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि तो घराक इलो तर तुका..." इथे ती अडली. काय द्यायचं? नारळ आईच्या ताब्यात, पैसे कोणाकडेच नाहीत. तिनं इकडेतिकडे बघितलं. दारात तांबडा कोंबडा उभा होता. "तर तुका गुरुजींचो कोंबो देतलों रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळी मुलं एका आवाजात म्हणाली. सगळी म्हणजे माझ्यासकट. तो आवाज माझ्यातून कसा निघाला ते मला आजही सांगता येत नाही. सगळा वर्ग माझ्या बापासाठी ओरडत होता आणि मी एकटीच गप्प, हे माझ्या जिभेला सहन झालं नसावं. शालन माझ्याकडे वळली आणि साध्या आवाजात म्हणाली, "ह्या बोललां गो." तेवढ्यात दारात गुरुजी दिसले, हातात पेपरांचा गठ्ठा. त्यांनी किती ऐकलं होतं कोण जाणे. "जागेवर बसा," एवढंच म्हणाले.

मी पेपर कोरा दिला. अब्बांनी नको सांगितलेलं मी केलं होतं. त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते अम्मालाही सांगितलं नाही. रेडिओवर बातम्या लागल्या की मी परसात जाऊन कान झाकायचे. आता जे काही होईल ते माझ्यामुळे होईल, याची मला खात्री होती. नऊ वर्षांच्या मुलीनं एक अख्खं युद्ध आपल्या माथी घेतलं होतं आणि घरातले म्हणत होते, चेडू हल्ली जेवत नाही, हवा मानवत नसेल.

दिवाळीच्या सुट्टीत, भर दुपारी, अब्बा आले. हातात एकच पिशवी, दाढी वाढलेली, शर्ट दुसऱ्या कोणाचा तरी. किल्ल्या मालकाच्या भावाकडे देऊन मिळेल त्या वाटेनं आले होते. अम्मा धावली, मामू धावले. मी सुकत घातलेल्या बोंबलांच्या बांबूंमागे जाऊन लपले. अब्बांनी हाका मारल्या, मग शोधत मागे आले आणि माझ्यासमोर उकिडवे बसले. मी ओठ मिटून उभी. शेवटी राहवलं नाही.

"अब्बा, मी बोललंय."

"काय बोललंस?"

"व्हय म्हाराजा."

त्यांना काही अर्थबोध होईना. अम्मानं मागून सांगितलं, पोर कशी गप्प होती आणि शालनच्या आईकडून कळलं तसं शाळेत काय झालं. ऐकता ऐकता अब्बा तिथेच मातीत बसले. मला जवळ ओढून म्हणाले, "मी सांगलेलंय ता वाटेपुरता गो, बाय. तुझी वाट कधीचीच संपली. आता बोल." आणि रडायला लागले. मी माझ्या बापाला रडताना तेव्हाच पाहिलं. मग मी जी बोलायला लागले ती संध्याकाळपर्यंत. शेवटी मामू म्हणाले, "हेका परत गप करा रे कोणीतरी."

पण शब्द टाकला होता, तो राहिला होता. शाळा उघडली त्या दिवशी शालन रडवेल्या चेहऱ्यानं बाबांच्या मागून आली. बाबांनी तिला घरी फैलावर घेतलं असणार. "लोकाच्या कोंब्यार शब्द टाकलास," असं तिला वाटेतही ऐकवत होते. ते गुरुजींसमोर हात जोडून म्हणाले, "गुरुजी, अजाण पोर बोलून गेला. मी माझ्या घरचो कोंबो देतंय." गुरुजी खोलीत गेले. बाहेर आले तेव्हा काखेत तांबडा कोंबडा. म्हणाले, "शब्द वर्गानं दिलाय. वर्ग माझा आहे."

त्या दिवशी सबंध वर्ग देवळाकडे निघाला. पुढे गुरुजी, काखेत कोंबडा, मागे आम्ही. अब्बा आणि मामू देवळाच्या पायरीशी हात बांधून उभे राहिले. अम्मानं नारळ पाठवले होते. वस्तीतल्या एका बाईनं तिला टोकलं, की आपण कशाला असल्यात पडायचं. अम्मा म्हणाली, "त्येंनी देवाकडे मागल्यानी ता आमच्यासाठी. मागे कसा सरू?" शालनच्या बाबांनी गाऱ्हाणं घातलं, म्हणाले, लेकरांचो शब्द मानून घे, आणि कोंबडा न कापता देवाच्या नावानं राईत सोडून दिला. देवाचा झालेला कोंबडा, त्याला आता कोणी हात लावायचा नाही. गुरुजी मागे वळून न बघता निघाले. तिसऱ्या दिवशी सातचा पाढा चालू असताना दारातून ओळखीचं आरवणं आलं. कोंबडा स्वतःच्या पायांनी परतला होता. देवाचा असल्यामुळे त्याला हाकलताही येईना. गुरुजींनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "सात सक्कं?"

पुढे मी मराठीतूनच शिकले, त्याच मराठीत मुलांना शिकवते आहे. गुरुजी आता नाहीत. अब्बाही गेले, म्हातारे होऊन, आपल्या घरात. शालन कुडाळात खानावळ चालवते आणि अजूनही मला बोलू देत नाही. मला कधी कोणी विचारलं, की लढाईनं तुमचं काय नेलं, तर सांगण्यासारखं आहे. पण मनात आधी येतात ती त्या हंगामातली माणसं. मला काय झालंय हे त्यांच्यातल्या एकानंही विचारलं नाही. एकानं फटाके बंद केले, एकीनं बाटल्या भरून आणल्या, एकानं कोंबडा दिला.

हे सगळं यंदा वर आलं त्याला कारण आहे. माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगी आहे, तिला इथे मिनू म्हणते. तिचे बाबा मालवाहू जहाजावर खलाशी. तिकडच्या समुद्रात यंदा पुन्हा लढाई पेटलीय, जहाज कुठल्याशा बंदराबाहेर अडकलंय, आणि तेव्हापासून त्यांचा फोन लागत नाही. मिनू माझ्यासारखी गप्प नाही. ती अखंड बोलते. मांजरीबद्दल, मालिकेबद्दल, मावशीच्या लग्नाबद्दल. बाबा सोडून सगळ्याबद्दल. तिच्या वहीवर खूण करताना मला तिच्या दप्तरात तिच्या आईचा फोन दिसला. आईला विचारलं तर म्हणाली, "बाई, मीच दिलंय. तो नसलो तर शाळेत येणा नाय." मी तो राहू दिला. शाळेत फोन आणायचा नाही हा नियम मला पाठ आहे.

परवा गणिताचा पेपर होता. मी गठ्ठा घेऊन वर्गाच्या दारात आले तर आत गाऱ्हाणं चालू. आजकालच्या मुलांनाही येतं ते. पेपर सोपो येवंदे झालं, बाईंचा डोक्या थंड ऱ्हवांदे झालं. मग गाऱ्हाणं घालणाऱ्या मुलानं मिनूकडे बघितलं आणि म्हणाला, "आणि हिचो बापूस जहाजार अडाकलो आसा, तेका सुखरूप घराक हाड रे म्हाराजा." मिनूची बडबड थांबली. "तो इलो तर तुका..." मुलगा अडला, इकडेतिकडे बघू लागला. शाळेच्या दारात आता कोंबडे नसतात. सगळा वर्ग थांबला होता. माझ्या परसात पाच कोंबड्या आहेत आणि एक कबरा कोंबडा, घरच्यांपेक्षा माझं जास्त ऐकणारा.

मी दारातूनच म्हटलं, "बाईंचो कोंबो, म्हण."

त्यानं म्हटलं. वर्गानं साथ दिली आणि त्या आवाजात मिनूचा आवाज मी वेगळा ऐकला. मग पेपर वाटले. बाहेर डबा वाजत होता.

आज पंधरावा दिवस. फोन अजून लागलेला नाही. सकाळी परसात दाणे टाकायला गेले तर कबरा मान ताठ करून आरवला. त्याला जरा जास्तच दाणे टाकले आणि म्हटलं, बाबा रे, खा पोटभर, पण माझ्याकडे फार दिवस राहू नकोस.